शेवंती, मृत्यू अंदाजे

पिवळी टिकली फोटोवर नव्हती, फोटोच्या प्लास्टिकच्या पिशवीवर होती — निलेश तसा जपून काम करणारा — पण पिशवी सरळ धरली की ती नेमकी आईच्या खांद्यावर यायची, हळदीचा हात लागल्यासारखी, आणि मीराबाई मघापासून तिच्या कडेला नख लावून बसली होती. निघत नव्हती. अर्धी सुटली, मग फाटली, आणि उरलेली अर्धी आणखीच घट्ट बसली... स्टेशनरीच्या दुकानात पाकिटाने मिळतात तसल्या ह्या गोल टिकल्या. हिरवी म्हणजे कागद आहे. पिवळी म्हणजे कागद नाही, नुसतं कोणीतरी म्हणतंय. कोणीतरी म्हणजे मी. ह्या फोटोतली बाई माझी आई आहे असं मी म्हणते, म्हणून पिवळी.

"आई, चहा निवला तुमचा," दीप्ती, तिची सून, ऑफिसची पर्स खांद्याला अडकवत म्हणाली. "आणि ते सोडा ना आता. निलेशदादा येणारच आहेत, त्यांना काढू दे."

"का, मला हात नाहीत?"

"हात आहेत हो. बीपी पण आहे."

दार ओढलं गेलं. लिफ्ट खाली गेली. मग घरात फक्त पंखा, खिडकीबाहेर मिठागर रोडवरचे रिक्षांचे हॉर्न, आणि टेबलावर ती वंशावळ — चार कागद एकमेकांना चिकटवून केलेली, निलेशने कुरियरने पाठवलेली. वर मोठ्या अक्षरात 'राऊळ घराण्याचा कुळवृत्तांत', खाली चौकोन, रेघा, पुन्हा चौकोन. निलेश तिचा भाचा, तिच्या थोरल्या भावाचा, बाळदादाचा मुलगा. पवईला मोठ्या कंपनीत आहे, आणि गेली काही वर्षं आपल्या सगळ्या रजा ह्यात घालवतोय — गावोगाव जाऊन तलाठ्यांची, शाळांची दप्तरं उघडतो, उतारे काढतो, प्रत्येक उताऱ्याला नंबर देतो, कुठल्या वहीतून, कुठल्या पानावरून, कोणाच्या समोर, सगळं लिहून ठेवतो. तिला कौतुक होतं. शेजारणींना सांगून झालं होतं, माझा भाचा घराण्याचं पुस्तक काढतोय. पुढच्या महिन्यात मुंबईतले सगळे राऊळ बोरिवलीला हॉलवर जमणार आणि प्रत्येकाच्या हातात ते पुस्तक पडणार. उद्या ते छापायला जातंय. आणि त्यात तिच्या बापाच्या शेजारी दोन चौकोन होते.

काशीराम राऊळ. पहिली पत्नी, शेवंती. मृत्यू अंदाजे १९४५ ते १९४९. तिच्याखाली एक रेघ, रेघेला बाळ. दुसरी पत्नी, सत्यभामा. तिच्याखाली एक रेघ, रेघेला द्रौपदी.

द्रौपदी म्हणजे मी. लग्नाआधीची.

माझ्या आईला ह्याने मारून टाकलं, अंदाजे. जिला मी माझ्या मांडीवर शेवटचं पाणी पाजलं ती दुसरी कोणीतरी, आणि पहिली कुठेतरी लढाई संपल्याच्या सुमाराला गेली, कशाने गेली ते माहीत नाही, कुठे जाळली ते माहीत नाही, बाळदादाच्या जन्मानंतर आणि माझ्या आधी कधीतरी, अंदाजे गेली. आणि बाळदादा तिचा, मी हिची. एका ताटात जेवलेली, एका गोधडीत झोपलेली, परळच्या त्या एका खोलीत एकमेकांच्या झिंज्या उपटून मोठी झालेली आम्ही दोघं... खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात, कोण निलेशचं कोण लागतं त्याची यादी होती, आणि तिच्या जुन्या नावासमोर लिहिलं होतं — सावत्र आत्या.

तिने तो शब्द पहिल्यांदा अक्षर अक्षर लावून वाचला होता. तिला अजून सरसर वाचता येत नाही; पेपर वाचताना ओठ हलतात. चाळिशी उलटल्यावर, मुलगा दहावीला असताना, भांडुपला बालवाडीच्या खोलीत दुपारचा वर्ग भरायचा, तिथे पोरांच्या बुटक्या बाकांवर गुडघे वर करून बसून ती शिकली. शिकली तेव्हा वाटलं होतं, आता कोणी फसवणार नाही. बसची पाटी वाचेन, बिल वाचेन, औषधाची बाटली वाचेन. सावत्र वाचेन असं नव्हतं वाटलं. वाचता येत नव्हतं तोवर कागद तिच्यापर्यंत पोचतच नव्हता, कोणी काही लिहिलं तरी ते लिहिणाऱ्याच्या घरी... हे शहाणपण कोणी सांगितलं होतं करायला.

बेल वाजली.

निलेश आत आला, बूट काढले, पाया पडायला वाकला. तिने पाय मागे घेतले.

"अगं आत्या..."

"सख्खी की सावत्र ते आधी ठरव, मग वाक."

"हां, म्हणजे तू वाचलंस." तो सोफ्यावर बसला, लॅपटॉपची बॅग मांडीवर घेऊन, ढाल धरल्यासारखी. पन्नाशीला आलेला माणूस. बसताना बाळदादासारखाच एक पाय खाली दुमडायचा. "फोनवर सांगणार होतो मी. म्हटलं प्रत्यक्ष सांगू."

"सांग. कुठे जाळलीस माझ्या आईला?"

"असं काय बोलतेस यार!"

"यार म्हणू नकोस मला. तुझ्या ऑफिसातली नाही मी."

तो हसला नाही. बॅगेतून दोन उतारे काढून त्याने तिच्यासमोर ठेवले, दोन्हीवर हिरव्या टिकल्या. एक बाळदादाच्या जन्माचा, आजोळच्या गावच्या वहीतला. बापाचे नाव काशीराम, आईचे नाव शेवंती, खबर देणार — मुलाचा आजा. दुसरा तिच्या जन्माचा, मुंबईतल्या प्रसूतिगृहाचा. बापाचे नाव काशीराम, आईचे नाव सत्यभामा. निलेशने दोन्हीवर बोट फिरवलं, हळू, लहान मुलाला दाखवतात तसं, आणि त्या बोटाचाही तिला राग आला.

"अरे मेल्या, पहिलं बाळंतपण माहेरी असतं. हे तुला तुझ्या बायकोच्या वेळी नाही कळलं? बाळदादा आजोळी झाला. खबर द्यायला कोण गेलं? आजोबा. बाप आपल्या लेकीचं नाव काय सांगणार? आपण ठेवलेलं तेच सांगणार ना? सासरी तिची सत्यभामा केली ते त्याच्या तोंडात तरी बसलं असेल का? आणि मी झाले इथे, परळात. इथे नाव सांगितलं माझ्या बापाने. झालं! एक बाई, दोन गावं. ह्यात कसले आलेत दोन चौकोन?"

"मला पटतं, आत्या. शंभर टक्के पटतं."

"मग?"

"पटणं वेगळं. कागदाने दाखवणं वेगळं." त्याने चष्मा काढून शर्टाला पुसला. "तू जरा माझ्या बाजूने बघ ना. त्या काळात बायका बाळंतपणात जायच्या, नवरा वर्षाच्या आत दुसरी करायचा. आपल्या ह्याच पुस्तकात अशी किती घरं आहेत. दोन वेगळी नावं दिसली आणि दोघी एकच असा पुरावा नसला, तर मी त्या एक नाही करू शकत. नियम आहे तो. मीच केलाय. आज तुझ्या शब्दावर मी दोन बायकांची एक केली, तर उद्या तो कुडाळचा शांताराम येईल. त्याचा पणजोबा सुभेदार होता म्हणतो. लाव हिरवी."

"सुभेदार?" तिला राहवलं नाही. "त्याचा पणजोबा लोकांची भांडी कल्हई करायचा."

"ते पण तू म्हणतेस. कागद नाहीये त्याचा."

तिला हसू आलं आणि ते येतंय म्हणून आणखी राग आला. पोरगं हुशार होतं. वाईट नव्हतं. वाईट असतं तर बरं झालं असतं.

"आणि आत्या, रागावू नकोस, पण पप्पा गणपतीत जन्मले असं तूच सांगितलेलंस. शपथ घेऊन सांगितलेलंस. कागदात शिमगा निघाला."

शिमगा निघाला होता खरा. आई सांगायची, दारात ढोल वाजत होते आणि बाळ रडला — आणि ढोल म्हणजे गणपती असं तिने कधीतरी मनाशी धरलं, इतकी वर्षं धरलं, आणि ते खोटं होतं. मग आणखी काय काय खोटं असेल? ती हातातल्या पिशवीवर पुन्हा नख चालवायला लागली.

"आणि ते सावत्र मी नाही गं लिहिलेलं. प्रोग्राम आपोआप नातं काढतो."

"प्रोग्रामला विचार, बाळदादा गेला तेव्हा खांदा द्यायला कोण होतं? मीच ना?"

"ऐक. एक करता येईल." त्याने बॅगेतून कोरा कागद काढला, त्यावर पेन ठेवलं. "तू लिहून दे. तुझ्या हाताने. तू काय पाहिलंस, काय ऐकलंस, कोणाकडून, कुठे. नुसतं 'मला माहीत आहे' नको — कसं माहीत आहे ते. खाली सही. मग तो कागद होतो. साक्ष होते. मी त्याला नंबर देतो, जोडतो, आणि दोन्ही चौकोन एक करतो. आता भांडुपला स्टुडिओवाल्याकडे जातोय बाकीचे जुने फोटो स्कॅन करायला, संध्याकाळी येताना घेऊन जाईन. उद्या फाइल प्रेसला जाते, आत्या. त्यानंतर माझ्या हातात नाही."

"आणि नाही लिहिलं तर?"

"तर जसं आहे तसं जाईल," तो म्हणाला, आणि म्हणताना त्याने तिच्याकडे पाहिलं नाही.

...कसं माहीत आहे ते लिही. कसं माहीत आहे! आपली आई एकच आहे हे माणसाला कसं माहीत असतं? कोणी येऊन सांगतं का, ही तुझी आई, ही एकच आहे बरं का? दुपारी वरण-भात तसाच झाकून ठेवून मीराबाई कागदासमोर बसली, आणि पहिली ओळ लिहिली — माझी आई एकच होती — आणि ती ओळ त्या मोठ्या कागदावर इतकी पोरकी दिसली की तिला स्वतःचीच लाज वाटली. निलेश म्हणेल, पिवळी.

रेशनकार्डावर सत्यभामा. मृत्यूच्या दाखल्यावर सत्यभामा. बाबा तिला नावाने हाकच मारायचे नाहीत, अगं म्हणायचे, ऐकलंस का म्हणायचे. चाळीत ती बाळची आई. मग शेवंती कुठून आली माझ्या डोक्यात? कोणी सांगितली? बाळदादाने? आजोळी फार जाणं झालं नाही, आजोबा तर आठवतच नाहीत... मग कोण... म्हणजे निलेश म्हणतो तसंच नसेल ना? म्हणजे ती शेवंती खरंच कोणी वेगळी, बाळदादाला जन्म देऊन गेलेली, आणि पोरांना कळू नये म्हणून मोठ्यांनी... त्या काळात सांगत नसत. गणपतीचा शिमगा झाला तसं हे पण —

फणस.

फणसाचा वास, जिन्यावरून आधी तो वास यायचा आणि मागून मामा. उन्हाळ्यात एकदा यायचा, बोटीने, डोक्यावर फणस, हातात सोलांची पिशवी, आणि पहिल्या मजल्यापासूनच ओरडत यायचा, "शेवंते! गे शेवंते! खंय आसस गे?" साऱ्या चाळीला ऐकू जाईल असा. आई मोरीत धुणं आपटत बसलेली असायची. आणि ती... मी तिथेच होते, मोरीच्या उंबऱ्यावर, माझ्या फ्रॉकवर तिने पिळलेल्या लुगड्याचं पाणी उडालेलं... ती उठली नाही, उडाली. "इलंय रे!" असा आवाज. तो आवाज माझ्या आईचा नव्हता. माझ्या आईचा आवाज जाडा होता, थकलेला, मला 'दुरपे, दिवो लाव' म्हणणारा. हा पातळ होता, पोरीचा, झाडावर चढलेल्या पोरीचा, आणि ती ओल्या हाताने, पदर खोचलेला तसाच, गॅलरीतून धावली, आणि मला भीती वाटली. रडले होते मी. आपली आई कोणीतरी दुसरीच आहे, आणि ती ह्या माणसाबरोबर निघून जाणार, असं वाटून रडले होते.

मीराबाईने पेन घट्ट धरलं. हेच. हे मी पाहिलं. मामा शेवंती म्हणून हाक मारायचा आणि माझी आई धावायची. लिहिलं. शब्द वाकडे गेले, 'धावायची' दोनदा खोडावं लागलं, पण लिहिलं. घे निलेश. ह्याला कुठला रंग लावतोस?

आणि मग जे आठवायला नको होतं ते आठवलं.

मामा जेवायला बसला होता. बाबा दुसऱ्या पाळीवरून यायचे होते. आई वाढत होती, वाकून, आणि पुन्हा तिच्या रोजच्या आवाजात म्हणाली, "दादा, हय त्या नावान हाक मारू नको. ह्येंका आवडणा नाय." मामा घास हातात धरून बघत राहिला. "आवडणा नाय म्हंजे? बापाशीन ठेवलेला नाव तां." आई म्हणाली, "आसा दे. हय माका त्या नावान कोण वळखणा नाय." आणि भाताचं पातेलं खरवडायला लागली, भात नव्हता उरलेला त्यात, तरी खरवडत होती.

पुढच्या वर्षी मामा आला तो जिन्यावरून गप्प आला. दारात उभा राहून त्याने मलाच हाक मारली. "चेडवा, आऊस खंय?"

सत्यभामा नाव बाबांनी ठेवलं होतं. गावच्या दशावतारात सत्यभामेचं काम करणारा एक गडी होता, हातभर लांब वेणी लावून रुसायचा, मुरका मारायचा, बाबांना ते काम फार आवडायचं, म्हणून. हे बाबांनीच हसत हसत सांगितलेलं कितीदा. मिशी काढून नाचणाऱ्या पुरुषाचं नाव बायकोला दिलं आणि बापाने दिलेलं काढून घेतलं, आणि ह्यात कोणाला काही वाटलं नाही, हसायची गोष्ट झाली ती घरातली. मला पण हसू यायचं. मी पण हसायचे.

तिने पेन खाली ठेवलं. हा राग निलेशवरचा नव्हता हे तिच्या लक्षात आलं. निलेश भांडुपला कुठेतरी फोटो पुसत बसला असेल. हा राग आईवरचा होता. आईवर! ती गेल्याला किती वर्षं झाली, कधी रागावले नव्हते तिच्यावर. का म्हणालीस हाक मारू नको म्हणून? वर्षातून एकदा तर यायचा तो. तेवढे दोन दिवस धावायचं होतंस. बाबा काय करणार होते, मारणार होते? मारत नव्हते ते. नुसतं आवडत नव्हतं त्यांना. एवढ्यासाठी... त्या पोरीला तू स्वतःच्या हाताने मोरीत कोंबलंस, आणि वर माझ्या लग्नात —

लग्नात ताट आणलं होतं, तांदूळ पसरलेलं. नवऱ्याने अंगठीने त्यात माझं नवीन नाव लिहिलं. मला वाचता येत नव्हतं. सगळे वाकून बघत होते, टाळ्या वाजल्या, मी पण मान खाली घालून हसले. काय लिहिलंय ते कोणाला विचारायचं सुचलं नाही. मोठे दीर म्हणाले, "द्रौपदी नको रे बाबा घरात. आम्ही भाऊ पाच, रोज भांडणं लागायची." मांडव हसला. त्या नावाची थट्टा म्हणजे माझी थट्टा, हे मला सगळे हसून झाल्यावर कळलं. बाळदादाचा चेहरा उतरला होता. आणि आई? आई कुठे होती तेव्हा? शोधलं होतं मी तिला नजरेने. ती पाठीमागे बायकांत उभी होती, आणि ती पण हसत होती. खोटं नाही, खरं हसत होती, पदर तोंडाला लावून. मी तिच्याकडे बघितलं तेव्हा तिने मान हलवली, हो म्हणाल्यासारखी. हो काय? हो, असंच असतं? हो, मी पण?

सासरी स्वयंपाकघरातून 'मीरा, मीरा' अशा हाका चालल्या होत्या आणि मी बाहेर नणंदेला म्हणत होते, अहो तुमच्यापैकी कोणाला तरी बोलावतायत.

चार वाजून गेले असावेत, ऊन गॅलरीतल्या तुळशीवरून सरकलं होतं. वरण-भाताला मुंग्या लागल्या होत्या. तिने ते ताट मोरीत नेऊन आदळलं, परत आली, कागद ओढला आणि सलग लिहून काढलं, अक्षरांकडे न बघता. आईने मामाला काय सांगितलं तेही लिहिलं, मालवणीत, जसंच्या तसं, कारण ते तिच्याने साध्या भाषेत होईना. बाळ आणि मी एका आईची. खाली सही केली, जशी बँकेत करते तशी, एका झटक्यात. मीरा पालव.

निलेश आला तेव्हा तो दमलेला होता. त्याने उभ्याउभ्याच कागद वाचायला घेतला आणि मध्येच खाली बसला. एका ठिकाणी तो बराच वेळ थांबला. तिने बघितलं कुठे ते. पातेल्याशी.

"हे कोणी बनवून नाही लिहिणार," तो हलक्या आवाजात म्हणाला.

"बनवून? मी बनवून लिहीन असं वाटलं होतं तुला?"

"तसं नाही गं... शांताराम मी ऐकलाय ना, म्हणून." त्याने डोळे चोळले. "पप्पांनी मला कधीच नाही सांगितलं हे."

"त्याला माहीत नसेल. तो खाली पोरांत खेळत असायचा. मोरीत मी असायचे."

त्याने कागदाचा फोटो काढला, कोपऱ्यात नंबर टाकला, लॅपटॉप उघडून तिच्या शेजारी सरकला. पडद्यावर तेच दोन चौकोन. "बघ हां," तो म्हणाला, "आता जोडतो." काहीतरी दाबलं. उजवा चौकोन जागचा हलला, डाव्यावर जाऊन बसला, आणि एकच राहिला. त्याच्याखाली दोन रेघा — बाळ, द्रौपदी. कोपऱ्यातल्या यादीत सावत्र गेलं. तेवढंच होतं. सकाळपासून ती ज्यासाठी जळत होती ते इतक्यात झालं, आवाजसुद्धा न होता, आणि आता आपल्याला बरं वाटेल म्हणून ती थांबली.

चौकोनात लिहिलं होतं — सत्यभामा काशीराम राऊळ.

"आणि शेवंती?"

"ती कंसात येते. माहेरचं नाव म्हणून. एका माणसाचं एकच मुख्य नाव ठेवता येतं ना." त्याने तिच्याकडे पाहिलं. "का, उलट करू? शेवंती वर, सत्यभामा कंसात? होतं तसं. तू सांग, तुझी आई आहे. आणि हो, तुझं पण राहिलं. सही मीरा पालव आहे, आणि वंशावळीत मीरा पालव कोणी नाहीच, तिथे द्रौपदी आहे. तेही जोडून टाकतो म्हणजे साक्ष पक्की होईल. कुठलं वर ठेवू तुझं?"

तो सहज विचारत होता. बोटं तशीच ठेवून बसला होता, ती सांगेल ते लिहायला तयार, आणि चांगल्या मनाने विचारत होता, हे तिला दिसत होतं. शेवंती वर ठेव — हे तिच्या जिभेवर होतं. पण हय त्या नावान हाक मारू नको म्हणणारी बाई कोण होती? तिला बोरिवलीच्या हॉलवर, सगळ्या राऊळांच्या हातात, तेच नाव घेऊन उभी करायची? आणि सत्यभामा वर ठेव म्हणायचं तर मग मी आज दिवसभर काय केलं. आई असती तर तिने काय सांगितलं असतं... सांगितलं नसतं काही. पातेलं खरवडलं असतं. आणि माझं — माझं मी काय सांगू? द्रौपदी म्हणून मला ओळखणारे सगळे गेले, बाळदादा शेवटचा. मीरा म्हणून हाक मारणारेही गेले. आता मी आई, आत्या, आजी, वरच्या मजल्यावरच्या काकू. हे कोणी विचारलंच नव्हतं कधी. ताट पुढे आलं तेव्हा नाही, बालवाडीतल्या बाईंनी पाटीवर काढून दिलं तेव्हाही नाही. तेव्हा विचारलं असतं तर भांडले असते, नक्की भांडले असते. आता विचारतोय हा, उद्या छापायला जायचंय म्हणून.

राग होता अजून. सकाळएवढाच होता, कदाचित जास्तच. फक्त शेजारी बसलेल्या ह्या पोरावर तो काढता येईना, आणि दुसरं कोणी घरात नव्हतं.

"आत्या?" निलेश म्हणाला.

"सांगते," ती म्हणाली, आणि सांगायला तोंड उघडून तशीच बसून राहिली.